संघाचे गाव कोणते?

जयगड : जयगडच्या खाडीतून तवसाळकडे जाणारी फेरीबोट आणि जवळच्याच बंदरात कोळसा उतरविणारी अवाढव्य जहाजे, ही दोन्ही दृश्ये आता येथील रहिवाशांच्या अंगवळणी पडली आहेत. बंदर २००९ मध्ये सुरू झाले, त्यापाठोपाठ १२०० मेगावॉटचा वीज प्रकल्प आला. दोन्ही जेएसडब्ल्यू समूहाचे. याच समूहाच्या मालकीचा बेंगळुरू एफसी हा फुटबॉल संघ आहे, हरियाणा स्टीलर्स हा कबड्डी संघ आहे आणि दिल्ली कॅपिटल्स या क्रिकेट संघातही त्याची भागीदारी आहे. भातकापणी उरकल्यावर मोकळ्या शेतांत दिवे लावून कबड्डीचे सामने भरविणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात ज्याचे बंदर आहे, त्या समूहाने कबड्डीचा संघ घेतला तो हरियाणाच्या नावाने. यात गैर काहीच नाही. व्यावसायिक लीगचा नकाशा बाजारपेठ पाहून आखला जातो. मालकाचे कारखाने कोठे आहेत हे पाहून नव्हे.

पण या नकाशाची एक गंमत मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. २९ डिसेंबर २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सने पाटणा पायरेट्सचा ३२-२३ असा पराभव करून प्रो कबड्डी लीगचे पहिले विजेतेपद मिळविले, ते पुण्याच्या बालेवाडीत. त्या हंगामाचे सामने हैदराबाद, नोएडा आणि पुणे या तीनच शहरांत झाले होते. म्हणजे हरियाणाचा संघ विजेता ठरला, पण संपूर्ण हंगामात त्याने हरियाणात एकही सामना खेळला नाही! मग अशा संघाचे गाव कोणते?

हा प्रश्न सर्वांत बोचऱ्या रीतीने विचारला गेला तो आपल्याच राज्यात, आणि कबड्डीत नव्हे तर फुटबॉलमध्ये. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा पुण्याला एफसी पुणे सिटी हा संघ मिळाला. बालेवाडी हे त्याचे घरचे मैदान. पहिली काही वर्षे यथातथाच गेली. मात्र २०१७-१८ च्या हंगामात मार्सेलिन्यो आणि एमिलियानो अल्फारो या जोडीच्या जोरावर संघ चौथा आला आणि प्रथमच उपान्त्य फेरीत पोहोचला. तेथे गाठ पडली ती बेंगळुरू एफसीशी. पुण्यातील पहिली लढत गोलशून्य बरोबरीत सुटली. बेंगळुरूच्या कांतीरवा मैदानावर सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि पुण्याचे स्वप्न १-३ असे संपले. त्या रात्री पुण्याच्या 'ऑरेंज आर्मी' या पाठीराख्यांच्या गटाला वाटले असेल, पुढच्या वर्षी पाहू. पुढचे वर्ष आले आणि तेच अखेरचे ठरले. २०१९ च्या उन्हाळ्यात मालक असलेला वाधवान समूह आर्थिक अडचणीत सापडला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये घोषणा झाली, की पुण्याची लीगमधील जागा आता हैदराबाद एफसी घेईल.

येथे शब्दयोजनेकडे बारकाईने पाहिले पाहिजे. कागदोपत्री हैदराबाद एफसी हा नवा क्लब होता. नवे मालक, नवे नाव, नवे बोधचिन्ह. 'पुण्याचा संघ हैदराबादला गेला' असे कोणी अधिकृतपणे म्हटले नाही. पण मार्सेलिन्यो, आदिल खान, निखिल पुजारी अशी खेळाडूंची फळी तिकडे गेली, प्रशिक्षक फिल ब्राऊनही गेले. मग पुण्यात राहिले काय? प्रेक्षक राहिले. फ्रँचायझी पद्धतीत हलते ती लीगमधील एक जागा. सामान बांधून नेता येते असे सारे तिच्याबरोबर जाते आणि नेता न येणारे मागे उरते. पाठीराख्यांचा कोणत्याही करारात उल्लेख नसतो, त्यामुळे त्यांना विचारण्याचाही प्रश्न उद्भवत नाही.

त्याच महिन्यात दिल्ली डायनॅमोज हा संघ भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. त्याचे कलिंग मैदान तेव्हा तयार नव्हते. म्हणून ओडिशाने आपले पहिले काही 'घरचे' सामने कोठे खेळावेत? बालेवाडीत! ११ डिसेंबर २०१९ रोजी याच मैदानावर ओडिशा आणि हैदराबाद समोरासमोर आले आणि ओडिशाने ३-२ असा विजय मिळविला. एक संघ पूर्वाश्रमीचा दिल्लीचा, भुवनेश्वरच्या नावाने यजमान. दुसरा चारच महिन्यांपूर्वीपर्यंत याच मैदानाचा, आता पाहुणा. पुण्याच्या प्रेक्षकाने टाळ्या कोणासाठी वाजवायच्या? भारतीय फुटबॉलच्या अर्थकारणाचे इतके बोलके चित्र अन्यत्र सापडणे कठीण.

हैदराबादचे सुरुवातीचे हंगाम मुळातून पाहण्यासारखे आहेत. पहिल्याच सामन्यात कोलकात्यात ०-५ असा पराभव, अठरा सामन्यांत अवघे दोन विजय, दहा गुण आणि तळाचे स्थान. जानेवारी २०२० मध्ये ब्राऊन यांना निरोप देण्यात आला. त्यानंतर मनोलो मार्केझ आले. त्यांनी लिस्टन कुलासो, आकाश मिश्रा, आशिष राय अशा तरुण भारतीय खेळाडूंवर विश्वास टाकला. संघ पाचवा आला आणि पुढच्याच वर्षी, २० मार्च २०२२ रोजी, मडगावच्या फातोर्डा मैदानावर केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून विजेता झाला. बरोबरीचा गोल साहिल ताव्होराचा, पेनल्टी अडविल्या त्या गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीने, दोघेही गोव्याचे. जिंकलेला चषक हैदराबादचा, पण करोनामुळे सलग दोन हंगाम सगळे सामने गोव्यातच झाल्याने हैदराबादच्या प्रेक्षकाने आपला संघ घडताना पाहिला तो दूरचित्रवाणीवर. घट्ट नाते जुळण्याचा काळ नेमका तोच होता, आणि तोच निसटला. २०२२-२३ मध्ये संघ दुसरा आला खरा. पण २०२३-२४ मध्ये थकलेली देणी, नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी, निघून जाणारे खेळाडू आणि संपूर्ण हंगामात एकच विजय, अशी उतरंड लागली. २०२४ मध्ये बी. सी. जिंदल समूहाने संघ घेतला आणि २०२५ मध्ये तो दिल्लीला हलविला. आता त्याचे नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. नव्या नावाने तो प्रथम उतरला तो सुपर चषक स्पर्धेत, आणि तीही गोव्यात! ज्या दिल्लीने २०१९ मध्ये आपला संघ भुवनेश्वरला गमावला, तिला सहा वर्षांनी मिळालेली जागा मूळची पुण्याची.

पुण्यापुरते बोलायचे, तर पुणे सिटीचा अस्त ही एकटी घटना नव्हती. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता होता. २०१५ मध्ये तो बंद झाला. भारत एफसी एक हंगाम खेळून मिटला. डीएसके शिवाजीयन्स दोन हंगामांनंतर थांबला. बारा वर्षांत चार क्लब! मुंबईत महिंद्र युनायटेड २०१० मध्ये आणि मुंबई एफसी २०१७ नंतर याच वाटेने गेले. प्रत्येक वेळी चर्चा झाली ती मोठ्या खेळाडूंची. पण क्लबबरोबर त्याची अकादमी असते, तिथे चौदा-पंधरा वर्षांची मुले असतात. पुणे एफसी बंद पडल्यावर त्याची अकादमी २०१६ मध्ये पुणे सिटीने हाती घेतली होती, म्हणून ती तगली. तीन वर्षांनी पुणे सिटीच उरला नाही. नावाजलेल्या खेळाडूला दुसरे शहर, दुसरा करार मिळतो. अकादमीतल्या मुलाची शाळा, वसतिगृह आणि दहावीची परीक्षा एकाच गावात असते, याचा विचार करणारा स्थलांतराच्या चर्चेत कोणी नसतो.

कुमार वयोगटाचा हा प्रश्न जगात सर्वाधिक उघडपणे हाताळला जातो तो कॅनडात. तेथील आइस हॉकीच्या कनिष्ठ लीगमध्ये साधारण सोळा ते वीस वर्षांची मुले खेळतात. घरापासून दूर आलेली ही मुले संघाच्या गावात यजमान कुटुंबांकडे राहतात आणि स्थानिक शाळेत जातात. म्हणजे संघ गावातच नव्हे, तर गावातल्या स्वयंपाकघरांत वस्तीला असतो. तरीही संघ हलतात. उत्तर ओंटारिओतील नॉर्थ बे या सुमारे पन्नास हजार वस्तीच्या शहराने वीस वर्षे जोपासलेला सेंटेनियल्स हा संघ २००२ मध्ये अमेरिकेतील सॅगिनॉला गेला. अकरा वर्षे शहर संघाविना राहिले. मग २०१३ मध्ये टोरांटोलगतच्या ब्रॅम्प्टन या उपनगरातून बटालियन हा संघ नॉर्थ बेला आला. 'ट्रिव्हियल परस्यूट' या प्रश्नखेळाच्या जनकांपैकी एक, स्कॉट अ‍ॅबट, त्याचे मालक. महानगराच्या छायेत प्रेक्षक मिळत नव्हते. छोट्या गावात ते मिळाले. नव्या गावातल्या पहिल्याच हंगामात, २०१३-१४ मध्ये, बटालियनने लीगच्या अंतिम फेरीपर्यंत मजल मारली. तेथे ग्वेल्फकडून पराभव झाला, पण नॉर्थ बेच्या दृष्टीने संघ परत आला होता. ब्रॅम्प्टन रिकामे राहिले ते २०२४ पर्यंत. मग शेजारच्या मिसिसागाचा संघ तेथे आला. अर्थात मिसिसागा रिकामे झाले.

ही व्यवस्था आदर्श आहे असे मुळीच नाही. कूटनी आइस हा संघ २०१९ मध्ये क्रॅनब्रुकहून विनिपेगला आणि अवघ्या चार वर्षांनी अमेरिकेतील वेनाची येथे गेला. त्याच्या पाठीराख्यांची अवस्था पुणेकरांहून वेगळी नसावी. पण एक भेद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. नॉर्थ बेचे बर्फाचे मैदान नगरपालिकेचे. संघ आणायचा तर पालिकेशी भाडेकरार करावा लागतो, मैदानाच्या नूतनीकरणाचा खर्च नगरसेवकांच्या सभेत मांडावा लागतो, नागरिक त्यावर वाद घालतात. मालकाशी बोलताना शहराच्या हातात काहीतरी असते. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा संघ २००३ मध्ये मिल्टन कीन्सला नेण्यात आला, तेव्हा पाठीराख्यांनी त्याआधीच, २००२ मध्ये, आपला नवा क्लब काढला होता. तळाच्या श्रेणीतून चढत तो २०११ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये आला आणि २०२० मध्ये प्लाऊ लेन या आपल्या जुन्या परिसरात परतला. तेथे बढती-पदावनतीची शिडी होती म्हणून हे शक्य झाले. पुण्याच्या ऑरेंज आर्मीने २०१९ मध्ये असा क्लब काढला असता, तरी सुपर लीगपर्यंत नेणारी शिडी तेव्हा नव्हती.

मालकांची बाजूही समजून घ्यावी लागेल. दरवर्षीचे फ्रँचायझी शुल्क, परदेशी खेळाडूंची मानधने आणि अपुरे प्रक्षेपण उत्पन्न यांच्या ताळेबंदात भारतीय फुटबॉल क्लब बहुधा तोट्यातच असतो. तोटा सोसत राहा, असे कोणत्याही उद्योजकाला सांगता येणार नाही. पण तोट्यातल्या संघाने गाव सोडणे आणि गावाला कसलीही पूर्वसूचना न देता सोडणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

पुण्याला पाहुण्या संघांची सवय मात्र चांगलीच आहे. कावेरी आंदोलनामुळे २०१८ मध्ये चेन्नई सुपर किंग्जचे घरचे सामने गहुंजेला आले, तेव्हा चेन्नईहून पाठीराख्यांची खास रेल्वेगाडी पुण्याला आली होती. पिवळ्या सदऱ्यांनी भरलेली ती गाडी पाहिली असती, तर संघ आणि त्याचे गाव यांचे नाते मैदानाच्या पत्त्यावर अवलंबून नसते हे कोणालाही पटले असते. तो संघ पुढच्या वर्षी घरी गेला. स्वतः पुण्याच्या नावाने आयपीएल खेळलेले दोन्ही संघ मात्र अल्पायुषी ठरले. त्यांपैकी रायझिंग पुणेला तर २०१६ मध्ये दुष्काळामुळे उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उरलेले घरचे सामने विशाखापट्टणमला खेळावे लागले.

कोकणाने संघांचे स्थलांतर याच्या नेमके उलटे पाहिले आहे. येथून माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली आणि जाताना गावाचे, ग्रामदेवतेचे नाव बरोबर घेऊन गेली. लालबाग-परळच्या मैदानांवर त्या नावाने कबड्डीचे संघ उभे राहिले. गाव सुटले, नाव सुटले नाही. फ्रँचायझीच्या स्थलांतरात सर्वांत आधी टाकून दिले जाते ते नाव.

महाराष्ट्र शासनाच्या हाती यात काहीच नाही, असे म्हणणे खरे नव्हे. बालेवाडीचे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी जनतेच्या पैशातून उभे राहिले आहे. ते वापरावयास देताना किमान एका हंगामाची पूर्वसूचना, आगाऊ तिकिटांच्या परताव्याची हमी आणि अकादमीतील मुलांचे शैक्षणिक वर्ष पूर्ण होईपर्यंतची व्यवस्था, एवढ्या तीन अटी भाडेकरारात घालणे अवघड नाही. ओडिशा शासनाने संघ येताना त्याच्यामागे मैदान आणि पाठबळ उभे केले. संघ जाताना काय व्हावे, हे ठरविण्याची वेळ महाराष्ट्रावर तर चार वेळा येऊन गेली आहे. पुण्यासाठी पाचवा क्लब काढायला कोणी पुढे आले, तर बालेवाडीच्या कार्यालयात त्याच्यापुढे सरकविला जाणारा कराराचा मसुदा जुनाच असेल की नवा, एवढे तरी क्रीडा खात्याने आजच ठरवून ठेवावे.