महाडची शंभरी आणि सह्याद्रीचा कॅमेरा

२० मार्च २०२७ ला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं पूर्ण होतील. त्या निमित्ताने दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर माहितीपट येतील, चर्चा होतील, याबद्दल आम्हाला शंका नाही. प्रश्न एवढाच आहे की महाडची गोष्ट सांगणार कोण?

अशा माहितीपटांचा साचा आपल्याला पाठ आहे. वरून घेतलेलं तळ्याचं दृश्य, मागे बासरी, भारदस्त आवाजातलं निवेदन, पुतळ्याला हार आणि एखाद्या प्राध्यापकाची दोन मिनिटं. बाबासाहेब तळ्यावर गेले, पाणी प्यायले, क्रांती झाली, समाप्त. पण परिषदेनंतर जेवायला बसलेल्या आपल्या माणसांवर काठ्या घेऊन कोण तुटून पडलं? तळं ‘शुद्ध’ करायला शेण, गोमूत्र, दूध, दह्याचे १०८ घडे कोणी ओतले? तळं खुलं करण्याचा ठराव नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ ला मागे का घेतला? उच्च न्यायालयाचा निकाल हाती यायला मार्च १९३७ का उजाडावा लागला? इथे आलं की निवेदकाचा आवाज खाली येतो. ‘काही समाजकंटकांनी विरोध केला’ एवढ्यावर भागवलं जातं. समाजकंटक म्हटलं की जात सांगावी लागत नाही, सत्ता सांगावी लागत नाही. अत्याचार उरतो, करणारा गायब होतो.

महाड हा एका माणसाच्या चालण्याचा इतिहास नाही. गावागावांतून भाकरी बांधून निघालेल्या हजारोंचा तो इतिहास आहे. परत गेल्यावर त्यांच्या घरात काय घडलं, पाणवठ्यावर काय घडलं, बायकांनी काय सोसलं, हे कोकणातल्या वस्त्यांना विचारल्याशिवाय कळणार नाही. स्थानिक कथा म्हणजे कोळीनृत्य, जत्रा आणि खाद्यसंस्कृती एवढंच नसतं. गावाचा पाणवठा कोणाचा होता, हीसुद्धा स्थानिक कथाच आहे.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. महाडला गेलेला वीस वर्षांचा तरुण तेव्हा पासष्टीचा होता. म्हणजे साक्षीदार हयात होते, बोलू शकत होते. त्यातल्या किती जणांपर्यंत सरकारी कॅमेरा पोचला? पोचला असेल तर त्या फिती कुठे आहेत? हे आम्ही जाहीरपणे विचारतो आहोत, कारण ते साक्षीदार आता कोणीही उरलेले नाहीत. महाड सांगणारी पिढी गेली. १९५६ ला नागपुरात आईचं बोट धरून गेलेलं दहा वर्षांचं पोर आज ऐंशीच्या घरात आहे. १९७८ च्या नामांतराच्या वेळी मराठवाड्यात घर जळताना पाहिलेला तरुण आज सत्तरीला टेकला आहे. यांनाही आपण तसंच जाऊ देणार आहोत का?

काही तरुण मित्र म्हणतात, ‘दूरदर्शन पाहतं कोण? आपलं यूट्यूब आहे ना!’ यूट्यूब जरूर वापरा. पण ते खासगी कंपनीचं दुकान आहे. उद्या चॅनेल बंद झालं तर दाद कुठे मागणार? दूरदर्शन आपल्या पैशावर चालतं. गावातली म्हातारी दरमहा पैसे न भरता फ्री डिशवर ते पाहते. आणि हा काही उपकाराचा मामला नाही. प्रसार भारती कायदा, १९९० च्या कलम १२ मध्ये सामाजिक न्यायाला चालना देणं, शोषण, विषमता आणि अस्पृश्यतेसारख्या अनिष्ट गोष्टींशी लढणं ही या संस्थेची उद्दिष्टं म्हणून लिहिलेली आहेत. कायद्यात लिहिलेलं पडद्यावर दिसत नसेल, तर जाब विचारणं हे आपलं काम आहे.

जाब विचारल्याशिवाय काही मिळत नाही, हेही खरं. आपले माहितीपट दूरदर्शनवर दाखवले जावेत म्हणून आनंद पटवर्धनांना वारंवार न्यायालयात जावं लागलं. २००६ मध्ये त्यांचा ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’ दाखवण्याचा आदेश थेट सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. नामवंत दिग्दर्शकाची ही गत, तर वस्तीतल्या पोरांचं काय?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. शंभरीच्या माहितीपटांत संशोधन, लेखन आणि दिग्दर्शन या तिन्ही ठिकाणी आपली माणसं हवीत, मानधनासह आणि श्रेयनामावलीत नावासह. आंबेडकरी चळवळीविषयीच्या जुन्या फितींची यादी लोकांसमोर आली पाहिजे. आणि जलसा, भीमगीतं, वस्त्यांचा इतिहास यांना वर्षभर वेळ मिळाला पाहिजे. ६ डिसेंबर आणि १४ एप्रिल या दोन दिवसांत आम्हाला कोंबू नका.

पण बोट फक्त तिकडेच दाखवणार नाही. जयंतीच्या डीजेवर आपण किती खर्च करतो आणि आपल्या वस्तीतल्या आजीचं बोलणं नोंदवायला किती? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, बोलतं करून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये उभं केलं. तेव्हा खिशात मोबाईल नव्हता. आज तो आहे, पण आपण त्याच्यावर रील बनवतो.

वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला म्हातारी माणसं रोज येतात. वाचन संपलं की त्यांच्याजवळ अर्धा तास बसा. नाव, गाव, साल विचारा आणि मध्ये न बोलता रेकॉर्ड करा. प्रत्येक विहाराने दहा माणसं जरी नोंदवली, तरी दूरदर्शनच्या दारात आपण रिकाम्या हातांनी उभे राहणार नाही. आणि माहितीचा अधिकार वापरून त्या फितींची माहिती मागणारा एक अर्ज प्रत्येक तालुक्यातून गेलाच पाहिजे.

तळं सार्वजनिक होतं, तरी पाणी आपल्याला बंद होतं. वाहिनीही सार्वजनिक आहे. तिथे ओंजळ पुढे करायची नाही. आपल्या हक्काचं पाणी आपल्या हाताने घ्यायचं.

जय भीम!