पीस नव्हे, प्राणी!

अंदमानला पाण्याखाली भाच्याला सुंदर पांढरं पीस दिसलं. त्याने हात लावला आणि मनगटभर चट्टे उठले. "काही नाही हो, समुद्री नेचा आहे," इति गाईड. इथेच माझं डोकं फिरतं! नेचा कसला? ही हायड्रॉइडची वसाहत, जेलीफिशच्या गोतातली. फांदीच्या एकाच बाजूला ओळीने बसलेले इवलेसे जीव, आणि डंखपेशी सगळीकडे. काळपट देठ, पांढऱ्या फांद्या, म्हणजे बहुधा मॅक्रोऱ्हिंकिया फिलिपिना. पण नुसत्या फोटोवरून छातीठोकपणे प्रजाती सांगणारेही मला पटत नाहीत. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली त्या जीवांचे पेले बघावे लागतात. असो. लॅटिन नाव राहू दे, पण 'प्राणी आहे, डसतो' एवढं तरी पोरांना पाण्यात उतरण्याआधी सांगा की! चट्टे जायला चांगला आठवडा लागला.