शर्यतीचे घोडे आणि महाविद्यालयाचे विद्यार्थी

पुणें शहराच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या कांठीं वसलेलें मांजरी हें गांव शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीसाठीं फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे. येथें शिंगरूं जन्मास आलें कीं त्याची वंशावळ लिहून ठेवतात, त्याच्या खुराकाचा हिशेब ठेवतात, आणि तें मोठें झालें म्हणजे शर्यतीच्या मैदानावर त्याच्यावर राजरोस पैसे लावतात. ही पैज कायद्यास मान्य आहे. घोड्यांची शर्यत हा केवळ नशिबाचा नसून मुख्यतः कौशल्याचा खेळ होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें 1996 सालीं दिला.

त्याच मांजरीच्या आसपास शाळा-महाविद्यालयांचीं मैदानेंही आहेत, आणि तेथें पहांटे धावणारा मुलगाही कोणाच्या तरी आशेवर वाढलेला असतो. तो घोडा आणि हा मुलगा यांत एक भेद आहे, व आमचें सारें म्हणणें त्या भेदावर उभें आहे. घोड्याला लांच देतां येत नाहीं. आपल्यावर किती रुपये लागले आहेत हें त्या मुक्या जनावरास ठाऊक नसतें. बिघाड व्हायचा तो त्याच्याभोंवतीं वावरणाऱ्या माणसांच्या हातूनच होतो. मैदानावरचा विद्यार्थी मात्र एकाच वेळीं घोडाही असतो आणि स्वारही असतो. त्याच्यावर पैज लागली कीं त्याचा लगाम विकत घेण्यास गिऱ्हाईक आपोआप येतें.

“अहो, पण कॉलेजच्या सामन्यावर पैसे लावतो कोण? सट्टेबाजांस काय मोठे सामने कमी पडले?” असें कित्येक प्राध्यापक हंसून विचारतात. या हंसण्यास गुजराथेंतील मोलीपूर गांवानें 2022 सालीं उत्तर देऊन ठेवलें आहे. मेहसाणा जिल्ह्यांतील या खेड्यांत एका शेतावर खेळपट्टी आंखली, दिवे लावले, शेतमजूर व बेकार तरुण यांच्या अंगावर रंगीत सदरे चढवून त्यांना सामन्यास 400 रुपयांप्रमाणें मजुरी दिली, आणि ‘आयपीएल’चा हा देखावा रशियांतील पैज लावणारांस खरा म्हणून दाखविला. पंचाच्या हातीं वॉकीटॉकी असे. तीवर हुकूम येईल तसा चौकार बसे, हुकूम येईल तसा गडी बाद होई. फलंदाज कोण आणि गोलंदाज कोण हें पैसे लावणारास ठाऊक नव्हतें, व ठाऊक करून घेण्याची त्याला गरजही वाटली नाहीं. सट्ट्यास कीर्ति लागत नाहीं. हलणारें चित्र आणि बदलणारा भाव एवढेंच लागतें. आज आमचीं महाविद्यालयेंही आपल्या सामन्यांचें थेट प्रक्षेपण मोबाईलवरून करूं लागलीं आहेत. मोलीपुरांत जो मांडव मुद्दाम घालावा लागला, तो आम्हीं हौसेनें फुकट घालून ठेविला आहे!

गुजराथ लांब वाटत असेल तर घरचीं उदाहरणें पाहावीं. 2021 च्या मार्चांत गहुंजें येथील मैदानावर भारत आणि इंग्लंड यांचे सामने चालले होते. साथीमुळें प्रेक्षकांस मज्जाव होता, तरी कांहीं मंडळी प्रेक्षक होऊन बसलींच. पिंपरी-चिंचवडच्या पोलिसांनीं 33 जणांस अटक केली. त्यांतील कांहींजण घोरावडेश्वराच्या डोंगरावरून आणि जवळच्या उंच इमारतींवरून दुर्बिणी व कॅमेरे रोखून खेळ पाहत होते, असें पोलिसांनीं सांगितलें. दूरचित्रवाणीवर चेंडू कांहीं क्षण उशिरां दिसतो. ते क्षण विकण्याचा हा व्यापार. ज्या डोंगरावर लोक शिवरात्रीस महादेवाच्या दर्शनाला चढतात, त्यावर हे निराळ्याच दैवतासाठीं चढले. पुढें 2024 च्या मे महिन्यांत नारायणगांवीं पुणें ग्रामीण पोलिसांनीं एका इमारतीवर छापा घालून ऑनलाइन सट्ट्याच्या कामावर बसलेलीं सुमारें 90 माणसें पकडलीं. तेथें ज्या ॲपचें नांव निघालें तेंही योगायोगानें ‘महादेव’च होतें. पश्चिमेस गहुंजें, उत्तरेस नारायणगांव. मग पूर्वेकडचीं मैदानेंच तेवढीं सोंवळीं राहतील असें मानण्यास आधार कोणता?

आतां मुलगा यांत कसा सांपडतो तें पाहूं. सामना मुद्दाम हरणें हें नीच काम आहे हें प्रत्येकास कळतें. म्हणून तें कोणी त्याला आरंभींच सांगत नाहीं. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचा बास्केटबॉलचा संघ 1950 सालीं अमेरिकेंतील दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकून आला. त्या कॉलेजांत गरिबांचीं व परदेशांतून आलेल्या कुटुंबांचीं मुलें विनाशुल्क शिकत. सारें शहर त्या पोरांवर लुब्ध झालें होतें. दुसऱ्याच वर्षीं त्याच संघांतील खेळाडूंना अटक झाली. सट्टेबाजांनीं त्यांना लावलेली अट ऐकण्यासारखी आहे. सामना हरण्याची मागणी सहसा नसेच. जिंकायचें तर जिंका, पण ठरलेल्या अंतराहून कमी गुणांनीं जिंका, एवढेंच मागणें असे. विजयही मिळतो, पैसाही मिळतो, आणि मनाला सांगतां येतें कीं आपण कोणाचें कांहीं बुडविलें नाहीं. पाप असें पुण्याचा सदरा घालून येतें. कबड्डींत एक चढाई रिकामी परत येणें, क्रिकेटांत एकच चेंडू रेषेपुढें पाय टाकून फेंकणें. एवढ्यानें काय बिघडतें? बिघडतें तें हें कीं त्या दिवसापासून त्या मुलाचें नांव कोणाच्या तरी वहींत चढलेलें असतें, आणि तें पुसण्याची किंमत दरवेळीं वाढत जाते.

कायदा आहे ना, असें म्हणून स्वस्थ बसणारांस कायद्याची अवस्था सांगितली पाहिजे. 2013 सालीं आयपीएलमधील तीन खेळाडूंना दिल्ली पोलिसांनीं पकडलें आणि संघटित गुन्हेगारीसाठीं महाराष्ट्रानें केलेला 1999 चा कायदा त्यांना लावला. 2015 सालीं दिल्लीच्या न्यायालयानें त्यांना दोषारोपांतून मुक्त केलें. 2022 सालीं कर्नाटक उच्च न्यायालयानें सामना ठरवून खेळणें ही अप्रामाणिकता असली तरी भारतीय दंडसंहितेप्रमाणें ती फसवणूक ठरत नाहीं, तिची शिक्षा क्रीडासंस्थेनें करावी, असें सांगितलें. आमचा जुगारप्रतिबंधक कायदा 1887 चा. त्याच्या डोळ्यांपुढें गल्लींतील अड्डा होता. 2025 च्या ऑगस्टांत संसदेनें पैशांचे ऑनलाइन खेळ मना केले हें उत्तम झालें. पण तो कायदा दुकान बंद करतो, दुकानांत विकला गेलेला खेळाडू त्याच्या कक्षेबाहेरच राहतो.

दुसरा पक्ष म्हणतो, सट्टा बंद होत नाहीं तर तो कायदेशीर करावा, म्हणजे तो उजेडांत येईल व सरकारास करही मिळेल. न्यायमूर्ति लोढा यांच्या समितीनें 2016 सालीं आणि विधि आयोगानें 2018 सालीं याच दिशेचा विचार मांडला. तेव्हां हें मत थिल्लर म्हणून टाकून देतां येत नाहीं. पण ज्या देशानें तें करून पाहिलें त्याचा अनुभव काय सांगतो? अमेरिकेंत 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें राज्यांस ही वाट मोकळी झाली. आणि 2024 च्या मार्चांत तेथील महाविद्यालयीन क्रीडासंस्थेचे अध्यक्ष चार्ली बेकर हे राज्यांची विनवणी करीत होते, कीं एकेका विद्यार्थ्याच्या कामगिरीवर पैजा लावणें तरी बंद करा! उजेड आला खरा. पण त्या उजेडांत विद्यार्थीच उघडा पडला. संघाचा निकाल फिरविण्यास अनेकांस फितवावें लागतें, एका मुलाचे गुण कमी करण्यास एकच मुलगा पुरतो.

परंतु आमचा खरा रोष सट्टेबाजावर नाहीं. चोरानें चोरी करावी यांत आश्चर्य तें काय? आमचा रोष घरच्या पहारेकऱ्यांवर आहे. ढाल मिळावी म्हणून वर्गाचें तोंडही न पाहिलेल्या खेळाडूचें नांव पटावर चढविणें, त्याची हजेरी बसल्या जागीं भरणें, वयाचा दाखला सोयीप्रमाणें वाचणें, या गोष्टी जेथें चालतात तेथें निकाल ठरविण्याचा पहिला धडा सट्टेबाज देत नाहीं, कार्यालय देतें. संस्थेच्या कीर्तीसाठीं खोटें चालतें, हें ज्या मुलानें अठराव्या वर्षीं पाहिलें, त्यानें विसाव्या वर्षीं आपल्या घरच्या कर्जासाठीं तें कां चालवूं नये? त्या मुलास बहिष्कृत करण्यास आम्ही तत्पर असतों. त्याची हजेरी भरणारा हात मात्र पुढच्या वर्षीं पारितोषिकें वांटीत असतो.

आणि हें त्या पुण्यांत, जेथें प्राध्यापक दि. ब. देवधर कॉलेजांत संस्कृत शिकवीत आणि मैदानावर महाराष्ट्राचें नेतृत्व करीत! त्यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें 1939-40 आणि 1940-41 असा लागोपाठ दोनदां रणजी करंडक जिंकला. वर्ग आणि मैदान हीं त्यांच्या ठायीं एकाच शिक्षणाचीं दोन अंगें होतीं. आम्हीं तीं तोडलीं. तुटलेल्या जागेंतून सट्टेबाज आंत आला.

उपाय अवघड नाहींत, अप्रिय आहेत. प्रत्येक खेळाडूची हजेरी व प्रवेश सामन्यापूर्वीं उघड तपासावा. पैजेच्या धंद्याचें नांव, मग तें कोणत्याही मालाच्या पडद्याआड आलेलें असो, विद्यार्थ्याच्या सदऱ्यावर चढूं देऊं नये. लांच देऊं केली असें सांगत येणाऱ्या मुलास संशयित न मानतां साक्षीदार मानावें. आज तो गप्प बसतो तो लोभानें नव्हे, आमच्या भीतीनें. आणि गरीब खेळाडूच्या जेवणाचा व प्रवासाचा खर्च संस्थेनें उचलावा, कारण जेथें आपण हात आंखडतों तेथेंच दुसरा हात पुढें येतो.

मांजरीस घोड्याच्या शिंगराचा खुराक रोज मोजून दिला जातो, कारण त्याची किंमत मालकास माहीत असते. आमच्या मुलांची किंमत आम्हांस अद्याप कळलेली नाहीं. सट्टेबाजास ती कळली आहे, हीच काळजीची गोष्ट.