दोन टक्क्यांचे टायर

"रस्त्यालाही चालतात, ट्रॅकलाही चालतात." गाड्यांच्या नादी लागलेल्या माझ्या पिढीतल्या कुणालाही विचारा, हे वाक्य त्याने ऐकलेलं असतं आणि बहुतेकदा स्वतःही म्हटलेलं असतं. मीही म्हटलंय. ते खोटं आहे, आणि त्याची किंमत बरेचदा आपण नाही, समोरून येणारा मोजतो.

आधी हिशोब. मी पुण्यात राहतो. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे इथून साधारण १२०० किलोमीटर. ट्रॅकची एक फेरी २.१ किलोमीटरची, म्हणजे दिवसभरात वीस फेऱ्या मारल्या तरी ४२ किलोमीटर. त्यासाठी जाऊन-येऊन २४०० किलोमीटर हायवे. टायरच्या या प्रवासात ट्रॅकचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी, आणि यात रोजचं ऑफिस धरलेलंच नाही. मी सॉफ्टवेअरवाला. प्रोग्रॅमचा कुठला भाग सर्वांत जास्त चालतो हे मोजल्याशिवाय सुधारायला हात घालू नका, असं ज्युनिअर पोरांना सांगण्याचा पगार घेतो. आणि स्वतःच्या गाडीला टायर घेतले ते या दोन टक्क्यांसाठी. सेमी-स्लिक. किंमत इथे लिहीत नाही, घरी अजून माहीत नाही.

टायरची पकड येते कुठून? रबर रस्त्याच्या खरखरीत दाण्यांवर दबतं आणि लगेच मूळ आकारात येत नाही; त्या रेंगाळण्यात ऊर्जा खर्च होते आणि गाडी रस्त्याला धरून राहते. हे रेंगाळणं तापमानावर अवलंबून असतं. ट्रॅकसाठीचं रबर सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे खुलतं. तिथे सतत जोरात ब्रेक आणि वळणं असतात म्हणून ते तापतं. कात्रजच्या ट्रॅफिकमध्ये ते तापत नाही, हायवेवर सरळ जातानाही पुरेसं नाही. थंड असताना ते साध्या चांगल्या टायरपेक्षाही कमी पकडतं. त्यात खाचा कमी, म्हणजे कोरड्यात जास्त रबर रस्त्याला टेकतं, पण पावसात पाण्याला बाहेर पडायला वाट नाही.

हे सगळं मला टायर घेण्याआधी माहीत होतं. माहिती कमी पडत नाही हो, हौस जास्त पडते.

जूनचा पहिला पाऊस, ताम्हिणी. वर्षभराचं तेल आणि धूळ पाण्याबरोबर वर आलेली. वेग जेमतेम चाळीस. उतारावरच्या उजव्या वळणात पुढची चाकं सरळच निघाली. स्टिअरिंग वळलेलं, गाडी नाही. घाबरून ब्रेक दाबला, गाडी फिरली आणि समोरच्या लेनमध्ये आडवी होऊन थांबली. समोरून स्कूटरवर एक जोडपं येत होतं. ते थांबू शकले, कारण त्यांचा वेग पंचवीस असेल. काही झालं नाही. तो माणूस उतरला, त्याने माझ्या पुढच्या चाकाकडे पाहिलं आणि म्हणाला, "दादा, टायर पार गुळगुळीत झालेत. पावसाच्या आधी बदलायचे ना." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

म्हणून "जास्त ग्रिप म्हणजे जास्त सुरक्षितता" हा युक्तिवाद कुणी केला की माझं डोकं फिरतं. कुठे जास्त, कधी जास्त? शिवाय जास्त पकड मिळाली की ती आपण राखून ठेवत नाही, वेगात खर्च करतो. घाटात पोचतो तेव्हा शिल्लक तेवढीच असते, वेग मात्र वाढलेला.

आकड्यांची फसवणूक वेगळी. टायरवर 'ट्रेडवेअर २००' लिहिलेलं असतं, त्यावर मित्रमंडळी तासन् तास भांडतात. ही अमेरिकेची पद्धत. टेक्सासमध्ये सुमारे ६४० किलोमीटरच्या ठरलेल्या मार्गावर टायर ७२०० मैल चालवतात, संदर्भ टायरच्या तुलनेत किती झिजला ते पाहतात आणि निर्माता स्वतःच आकडा ठरवून छापतो. अमेरिकेतल्या हौशी ऑटोक्रॉसमध्ये काही वर्गांना 'किमान २००' असा नियम आला. पुढे काय झालं असेल? शर्यतीच्या टायरच्या जवळ जाणारे टायर बाजारात आले आणि त्यांवर २०० छापलेलं होतं. शेजारचं 'ट्रॅक्शन एए' तर ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावून मोजतात. वळणाचा त्यात संबंधच नाही, आणि मी घसरलो वळणात.

आपल्याकडे निवडही मर्यादित. जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरची आयात 'निर्बंधित' यादीत टाकली. त्यामुळे जे मिळालं ते उचललं, मग ते दोन्हीकडे चालतं अशी स्वतःची समजूत घातली, असंही होतं.

"सगळ्यांना दोन सेट परवडत नाहीत," हा आक्षेप मात्र खरा आहे. नसतील परवडत तर ट्रॅकवर रस्त्याचेच टायर न्या, ओल्यात उत्तम पकडणारे. काही सेकंद हळू जाल. पण हे टायर सुटण्याआधी किंचाळतात, हळूहळू सुटतात, तुम्हाला सावरायला वेळ देतात. शिकायला हेच बरे. चार-पाच जोरदार फेऱ्यांनी ते जास्त तापतात, तेव्हा एक फेरी सावकाश मारून पिटमध्ये यायचं. एक गोष्ट लक्षात ठेवा: साधारण साडेपाच अंशांनी तापमान वाढलं की हवा एक पीएसआयने वाढते, म्हणून आपण तिथे हवा सोडतो. संध्याकाळी टायर थंड होतात आणि तीच कमी हवा घेऊन लोक रात्री हायवेला लागतात. पाऊस लागला की कमी हवेचा टायर पाण्यावर लवकर तरंगतो. ट्रॅकवर दिवसभर गेज हातात घेऊन फिरणारे, परत निघताना गेज बॅगेत टाकतात. मी पाहिलंय.

माझे सेमी-स्लिक आता वेगळ्या रिमवर आहेत. मागची सीट पाडली की हॅचबॅकमध्ये तीन चाकं आडवी मावतात. चौथं पुढच्या सीटवर बसतं, बेल्ट लावून. त्यामुळे कोइम्बतूरला सोबत यायला कुणी तयार नाही.