फेब्रुवारीतली माणसे

२०११ च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया आढळल्या. महाराष्ट्राचे प्रमाण ९२९ असताना हा आकडा कोणालाही समाधान देणारा वाटेल. तथापि त्याच जनगणनेत रत्नागिरीचा आकडा ११२२ होता. आणि तो स्त्रीच्या सन्मानाचा पुरावा नसून मुंबईस गेलेल्या चाकरमान्यांच्या गैरहजेरीची नोंद आहे, हे कोकणात शाळकरी मुलासही ठाऊक असते. मग गोंदियाच्या आकड्यात मुलींना मिळणारी बरी वागणूक किती आणि परगावी गेलेले पुरुष किती? एकट्या आकड्याला विचारून उत्तर मिळत नाही. माणसे कोठून निघाली, कोठे गेली, केव्हा परतली, हे नकाशावर मांडावे लागते.

लोकसंख्या-भूगोलाचे काम नेमके हेच. १९५३ मध्ये ग्लेन ट्रिवार्था यांनी अमेरिकन भूगोलज्ञांच्या संघटनेपुढील अध्यक्षीय भाषणात या अभ्यासाचा कैवार घेतला. त्यांचे विद्यार्थी गुरुदेवसिंग गोसल यांनी तो विचार चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात रुजविला. भारतीय लोकसंख्या-भूगोलज्ञांची संघटना तेथेच उभी राहिली आणि १९७९ पासून तिचे नियतकालिक निघू लागले. विद्वानांची संघटना म्हणून तिचे कार्य मोलाचे आहे. पण इंग्रजी नियतकालिकातील हे ज्ञान तालुक्याच्या महाविद्यालयापर्यंत किती पोचते?

प्रश्न गोरेगावसारख्या तालुक्याच्या दृष्टीने शब्दशः पोटाचा आहे. (मुंबईच्या उपनगराशी नावाची गल्लत होणारे हे दुसरे गोरेगाव.) हा धानाचा मुलूख. खरिपाचे धान घरात आले, की ज्याच्या शेताला तलावाचे वा कालव्याचे पाणी नाही, त्याच्या हाताला काम उरत नाही. तो शहराची वाट धरतो व पेरणीच्या सुमारास परततो. आणि जनगणना होते फेब्रुवारीत! २०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारी हा गणनाकाळ होता. त्या संपूर्ण काळात जो गावाबाहेर, त्याची नोंद गावात करायची नाही, तो असेल तेथे करायची, असा नियम. नियम तर्कशुद्ध आहे. परंतु बांधकामावरच्या झोपडीत प्रगणक पोचलाच नाही, तर तो मजूर दोन्हीकडून गळतो. अन्नसुरक्षा कायद्याखालील लाभार्थ्यांची मर्यादा आजही २०११ च्या आकड्यांवरच बेतलेली आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या गळतीचा अर्थ उमगतो.

२०२१ ची जनगणना लांबली. नवी गणना २०२७ च्या फेब्रुवारीतच ठरविण्यात आली. किंबहुना, महिना बदलण्याचा आग्रह धरणेही फारसे शहाणपणाचे नाही. पावसाळ्यात देशभर दारोदार हिंडणे अशक्यच. करता येण्याजोगे काम निराळे आहे. प्रगणक म्हणून प्रायः शिक्षकच नेमले जातात, आणि गावातील कोणते दार कोणत्या महिन्यात बंद असते हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक? वर्गातले रिकामे बाक त्यांना ते सांगतात. भूगोलज्ञांच्या संघटनेने व महाविद्यालयांनी अशा शिक्षकांच्या साहाय्याने काही गावांची मोजणी दोनदा करावी, एकदा फेब्रुवारीत आणि एकदा रोवणीच्या दिवसांत. निष्कर्ष मराठीत छापावेत. आरंभी दोनच गावे पुरेत: एक तलावाच्या पाण्याखालचे, दुसरे कोरडवाहू.