संपादनाचे दोन अर्थ

एखाद्या प्रतिष्ठानाने छायाचित्रकाराचे काम आपल्या संग्रहात घेतले, की मराठी समीक्षा आभार मानते आणि गप्प बसते. होमाई व्यारावाला यांनी आपली छायाचित्रे दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे सोपवली. २०१० मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला दालनात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन झाले. ठेवा सुरक्षित झाला, हे खरेच. ट्रंकेत बुरशी धरणाऱ्या निगेटिव्हना कोणी वाली नसतो. परंतु वस्तू मिळवण्याला मराठीत 'संपादन' म्हणतात आणि ग्रंथ सिद्ध करण्यालाही 'संपादन'च म्हणतात. यात केवळ शाब्दिक योगायोग पाहणारा समीक्षक आपल्या जबाबदारीतून सुटू पाहतो.

होमाईंची छायाचित्रे मुळात नियतकालिकांच्या पानांसाठी होती. तेथे त्यांना मथळा होता, तारीख होती, शेजारी दुसरी बातमी होती. आणि आरंभीच्या वर्षांत तर खाली पतीचे, माणेकशा यांचे, नाव होते. भिंतीवरच्या चौकटीत यातले काहीच आपोआप येत नाही. कोणते चित्र घ्यायचे, कशाशेजारी लावायचे, किती मोठे करायचे, हे निर्णय कोणीतरी घेतो, आणि वृत्ताची कलाकृती होते. खऱ्या छायाचित्रकर्तीचे नाव परत आले हा न्याय आहे. मात्र ते खोटे नावही संहितेचाच भाग होते. ते पुसले, तर स्त्रीला कोणत्या अटींवर काम करावे लागले याचा पुरावाच पुसला जातो.

फाळक्यांची कर्मभूमी म्हणून मिरवणाऱ्या नाशिकला तरी हे परके वाटू नये. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने मिळवलेल्या 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची एवढीच रिळे आज हाती आहेत. ती १९१३ च्या मूळ चित्रपटाची नसून, फाळके नाशिकला आल्यानंतरच्या, १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीची असावीत, असे काही इतिहासकारांचे मत आहे. म्हणजे ज्या दृश्यांवर 'पहिला भारतीय चित्रपट' म्हणून व्याख्याने झडतात, तीच कदाचित पाठभेद आहेत! रिळे जपली गेली म्हणून हा वाद तरी घालता येतो. राजवाड्यांनी १९०९ मध्ये छापलेल्या ज्ञानेश्वरीची मूळ पोथी पुढे उपलब्धच राहिली नाही, आणि अभ्यासकांना छापील पाठावरच विसंबावे लागले. त्याबद्दल राजवाड्यांना जाब विचारणारी मराठी समीक्षा छायाचित्रांच्या संग्राहकापुढे मात्र एकदम विनम्र होते. पोथीला पाठचिकित्सा आणि छायाचित्राला केवळ रसग्रहण, हा भेद कोणत्या तत्त्वावर केला जातो?

संग्राहकावर संशय घेण्याचे येथे प्रयोजन नाही. संपादकाला जे विचारले जाते, तेवढेच त्याला विचारावे: काय घेतले, काय वगळले, मूळ मथळा कोठे आहे. होमाईंच्या प्रत्येक छायाचित्राखाली ते प्रथम कोणत्या अंकात आणि कोणाच्या नावाने छापले गेले, एवढी एक ओळ मागण्यापासून आरंभ करता येईल.