गुलाबी पाणी आठवतंय का?

जून २०२०. आपलं लोणार सरोवर गुलाबी झालं आणि अर्ध्या जिल्ह्याने स्टेटस ठेवले. मीही ठेवला, खोटं कशाला बोलू! कुणी चमत्कार म्हणालं, कुणी कोप. मग पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून सांगितलं, हे हॅलोआर्किया. खाऱ्या पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव. पाणी आटलं, खारटपणा वाढला, की यांची चंगळ. नमुना नुसता ठेवून दिला तर ते तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं!

पण हे जीव तिथं आहेत ते पाणी खारं आणि अल्कधर्मी आहे म्हणून. त्यात गावाचं सांडपाणी मिसळलं की नुसती घाण होत नाही, पाण्याचा स्वभावच बदलतो. त्याच वर्षी रामसरचा दर्जा मिळाला, चांगलंच झालं. पण दर्जाने सांडपाणी अडत नाही.

वाघ दिसतो, म्हणून त्याच्यासाठी बोलणारे भेटतात. यांच्यासाठी कोण बोलणार?

माझं म्हणणं एवढंच, खारटपणा आणि पीएच दर महिन्याला मोजा आणि आकडे नगरपरिषदेच्या फळ्यावर लावा. मी लेखी अर्ज देतोय. सही करायला कोण कोण येतंय?